सूरला जायचं ठरतंय

मुबीनने यादी केलीय. दोन दिवस, अकरा ठिकाणं,
प्रत्येकापुढे तारे, अंतर, पोचायची वेळ.
मी चष्मा पुसून वाचते
आणि छत्तीस वर्षं वह्या तपासल्या त्या हाताने
लाल पेन मागते.

बाळा, आपण सूरला जेवायला चाललोय,
परीक्षेला नाही.

पहिली काट: पहाटे पाचला निघणं.
निघू रुवीतून तस्नीमचे केस वाळल्यावर.
कुरियातच्या पुढे कुठल्याही टपरीसमोर
गाडी उभी करून हॉर्न वाजवायचा,
पोऱ्या काचेपाशी करक चहा आणून देतो.
पराठ्यात चीज आणि चुरलेले चिप्स गुंडाळतात म्हणे,
तेही खाऊ. हसू नका.
वाटेतली ती डोंगरामधली हिरवी डोह-बिह
ज्याला बघायचीत त्याने उतरावं,
मी सावलीत खजुराच्या बिया मोजीन.

दुपारी, जुम्म्यानंतर, एकच जेवण.
गावाचं नाव सूर आणि ताटात सुरमई,
हे कुणी जुळवून आणलेलं नाही
पण मराठीच्या बाईंना ते सोडवत नाही.
इथे तिला कनअद म्हणतात.
अख्खी उघडून निखाऱ्यावर धरलेली,
खाली लिंबाचा भात,
आणि काटे काढताना कुणी घड्याळ बघायचं नाही.

यादीत प्रत्येक नावापुढे हिरवी खूण आहे: हलाल.
मी त्या खुणेवर थांबते.
ओमानात हे लिहावं लागतं का रे?
सवय, अम्मी, तो म्हणतो.
चार वर्षं बंगळुरात काढलीत त्याने.

सवय माझीही.
डी.एड.च्या मेसमध्ये, शाळेच्या सहलीत, नातेवाइकांच्या दवाखान्याखाली
काउंटरवर जरा वाकायचं, आवाज उतरवायचा,
भाऊ, मटण कुठून येतं?
कधी मान हलायची, कधी नुसती नजर.
मासळीला तर विचारायचंच नसतं,
तरी तेल कुठलं, तवा कशाचा,
आणि मागच्या रांगेतून एक उसासा.
मग, अंडं द्या.
किंवा, भूक नाही.
‘भूक नाही’ हे वाक्य मी
तिन्ही काळांत चालवलंय,
रीतीभूतकाळात सर्वांत जास्त.

म्हणून सूरमध्ये मला
एक मेन्यू वरून खालपर्यंत वाचायचाय,
नुसत्या भुकेने.
काय मागवायचं ते ठरवता येऊ नये,
पोऱ्या वही घेऊन ताटकळावा,
आणि मी मोठ्याने म्हणावं, थांब रे, अजून विचार चाललाय.

संध्याकाळच्या रकान्यात त्याने तीन कॅफे भरलेत.
तिन्ही खोडले.
तिथे पलीकडे दीपगृह आहे, अलीकडे गलबतं बांधतात,
लाकडाचा वास येईल, भरती येईल,
तेवढं पुरे. समोरचं पाणी हर्णैलाही लागतं,
पण ते मी कुणाला दाखवणार नाही.
ज्याला कळायचंय त्याला कळेल.

रात्री हलवा.
बावा इकडून आणायचे, केशराचा, पत्र्याच्या डब्यात,
हलवा चार दिवस टिकायचा
आणि डबा तीस वर्षं, सुयादोऱ्याचा.
साखर तपासायचं मशीन मी घरी विसरणार आहे.
हे आत्ताच सांगून ठेवते.

अकराची तीन झाली. मुबीनचं तोंड पडलंय.
हिरव्या खुणा मात्र मी एकही खोडली नाही,
बरोबरची खूण बाईंनी खोडायची नसते.

तस्नीम विचारते, सोबत काय घेऊ?
भानोळी करू का थोडी? लोणचं?
काही नको गं.
तो झाकणाचा डबा घे, मोठा,
रिकामा.